पहिला हात

नानाने पायांवर पाणी घेतलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि गडव्यातलं पाणी अर्धंही संपलं नसताना विचारलं, "माय, काकाजीचं यंत्र कुठी हाय?"

शकुबाईला असा राग आला म्हणता! दीड वर्षानं पोरगा घरी येतो. कलकत्त्याहून गोंदिया, गोंदियाहून छोट्या गाडीनं वडसा, तिथून धूळ खात मोटार आणि शेवटी बैलांच्या खाचरात हाडं मोकळी करून घेत धानोऱ्याच्या अलीकडच्या या गावी. आणि आल्या आल्या काय, तर यंत्र! माय जगली का मेली, ते नाही विचारलं.

"हाय तिथी सपरीत," ती म्हणाली. "जा, त्याच्याच पाया पड."

नाना हसला, आधी तिच्या पाया पडला आणि मग सपरीकडे, पुढच्या पडवीत, गेलाच.

काकाजी म्हणजे शकुबाईचा धाकटा दीर रामाजी. जातीचा कुणबी, पण हातात सुताराचा वाकस आल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे. आजवर त्यानं घडवलेल्या वस्तूंपैकी निम्म्या चुलीत गेल्या होत्या, आणि थोरले भाऊ गुणवंतराव त्याला चारचौघांत 'आमचा ठोकपीट्या' म्हणत. टोरीचं यंत्र मात्र साधलं. टोरी म्हणजे मोहाची बी. उन्हाळा सरता सरता मोहाची फळं गळतात. बाया बिया गोळा करतात, एकेक दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं फोडतात आणि आतल्या गराचं तेल काढतात. बोटं ठेचायची ती ठेचायचीच. रामाजीनं लाकडी घोडीवर दोन रूळ बसवले. एक पक्का, दुसरा चामड्याच्या वाद्यांवर टांगलेला, ढिला. मोठी बी आली की ढिला रूळ मागे सरतो, लहान आली की पुढे येतो. टरफल फुटतं, गर अख्खा राहतो. एवढीच करामत, पण ती कोणाला सुचली नव्हती.

नानाने सदरा खुंटीला टांगला आणि यंत्रासमोर बसकण मारली. मूठभर बिया टाकायचा, दांडा हळूहळू फिरवायचा, कान लावायचा, वाद्या सोडून परत ताणायचा. मग पट्टी काढली, कागद काढला आणि चित्र काढायला लागला. एकेका भागाला आकडा दिला. शकुबाई भाकरी थापता थापता पाहत होती. पोटचा पोर, पण तो पोटासाठी काय करतो हे तिनं आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

कोणी विचारलं की तिची पंचाईत व्हायची. बनारसला जाऊन इंजिनेर झाला, पण पूल बांधत नाही. वकील म्हणावं, तर कोर्टात जात नाही. लोकांनी काढलेल्या नव्या वस्तूंची पेटंटं करून देतो म्हणे! गुणवंतरावांची तर पक्की समजूत होती की पोरगा वाया गेला. पी.डब्ल्यू.डी.त लागला असता, तर चांद्याला बंगला असता, दाराशी जीप असती. या एका गोष्टीवरून बाप-लेकाचं बोलणं 'हो-नाही'वर आलं होतं. या खेपेला तरी दोघं एका पंगतीत बसून दोन शब्द बोलावेत, एवढंच शकुबाईच्या मनात होतं.

"माय, सांग बरं," नानाने मान वर न करता विचारलं, "ह्या यंत्रात नवं काय हाय?"

"बोटं वाचतेत, थे नवं."

"थो झाला फायदा. मी वस्तू विचारून राह्यलो."

"मले काय समजते तुझं?" ती म्हणाली. पण आपल्याला असं कोणी विचारलं, याचं तिला बरं वाटलं.

रामाजी वावरातून आला, पुतण्याजवळ उकिडवा बसला. त्यालाही तोच प्रश्न. त्यानं ढिल्या रुळावर बोट ठेवलं. "हा मागं सरते ना, थेच. बाकी सारं पुरानं हाय."

नानाने मान डोलावली. "तेच मी लिवलं, काकाजी."

गुणवंतराव आले, तसा रामाजी उठून बाजूला सरला. त्यांनी पागोटं उतरवलं, झोपाळ्यावर बसले आणि लेकाला विचारलं, "सुट्टी भेटली?"

"काढून आलो, बाबूजी. घराचंच काम हाय."

मग त्यानं सांगितलं. नागपूरच्या एका तेलवाल्या कारखानदारानं पेटंटचा अर्ज केला आहे. कलकत्त्याच्या कार्यालयानं तो स्वीकारून राजपत्रात जाहीर केला. रोजच्यासारखे अर्ज चाळत असताना नानाला त्यातलं चित्र दिसलं आणि तो उडालाच. चित्रातलं यंत्र काकाजीचं! फक्त वादीच्या जागी लोखंडी स्प्रिंग.

"पेटंट भेटलं तं काय होते?" रामाजीनं विचारलं.

"सोळा वर्षं थो सोडून कोनी बनवायचं नाई, कोनी विकायचं नाई. त्याच्या परवानगीबिगर वापरायचं बी नाई."

"मी बी नाई?"

"तुमी बी नाई, काकाजी."

रामाजीचा चेहरा असा उतरला की शकुबाईला त्याच्याकडे पाहवेना. बापड्याची साऱ्या जन्मात एक वस्तू जमली, ती बनवायला आता नागपुरास विचारायचं!

"पर आपल्यात तं वादी हाय. त्याची स्प्रिंग हाय ना?"

"थेच पाहाले आलो होतो. त्यानं अर्जातल्या दाव्यात स्प्रिंग असं लिवलंच नाई. 'दाब येताच मागे सरकणारा रूळ' असं लिवलं. म्हंजे वादी असो का स्प्रिंग असो, सारे रूळ त्याचे. लालूच नडली त्याले. इतकं मोठं कुंपन घातलं का आपलं वावर बी आत घेतलं. आता आपलं वावर त्याच्या आधीचं हाय, हे दाखवलं का त्याचं कुंपनच पडते. हरकत घ्याले चार महिन्याची मुदत हाय, तिच्यातले थोडे दिवस राह्यले."

गुणवंतराव झोपाळा थांबवून ऐकत होते. एकाएकी त्यांनी मांडीवर थाप मारली. "मंग दाखव! चोरलं म्हना त्यानं. माह्या भावाचं डोकं हाय हे! पेटंट आपल्या घराले भेटलं पाह्यजे."

माह्या भावाचं डोकं! शकुबाईनं आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआड तिची जाऊ कमळा उभी होती. गुणवंतराव तिचे भासरे, थोरले दीर, म्हणून त्यांच्याशी ती कधी समोरासमोर बोलत नसे; जे सांगायचं ते शकुबाईच्या तोंडून. लग्न होऊन आल्यापासून 'ठोकपीट्या' ऐकत आलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"बाई," ती दाराआडून म्हणाली, "भासऱ्याइले सांगा, ते म्हनतेत थेच बरोबर."

"ऐकलं मी," गुणवंतराव भिंतीला म्हणाले. "काय रे नाना, होते का नाई?"

नानाने कागद बाजूला ठेवून विचारलं, "हे यंत्र पह्यल्यांदा कुठी चाललं?"

उत्तर तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"मी नेलं ना," शकुबाई म्हणाली. "सोमारीच्या टोल्यावर."

या घरचा एक नेम होता. नवी वस्तू आली की तिचा पहिला हात दुसऱ्याचा. नवा नांगर आधी शेजाऱ्याच्या वावरात, नव्या विहिरीची पहिली घागर परक्या घरी, नव्या जात्यावर पहिलं दळण दुसरीचं. आणि ते घेऊन जायचं काम थोरल्या सुनेचं. शकुबाईच्या सासूनं, साऱ्या गावाच्या मोठीमायनं, हा नेम घातला आणि मरेपर्यंत पाळून घेतला. मागं यंत्र तयार झालं, तशी शकुबाई ते डोक्यावर घेऊन जंगलाकडच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, गेली. बायांनी तो हंगाम त्याच्यावरच काढला. मग काय, ज्याला पाहिजे तो लाकूड घेऊन यायचा आणि रामाजी करून द्यायचा. आता आसपासच्या कितीतरी गावांत तशी यंत्रं होती. बाजारात कोणी एक नागपूरकरालाही दिलं असणार.

"बाबूजी," नाना हळूच म्हणाला, "पेटंटले वस्तू नवी पाह्यजे. नवी म्हंजे अर्जाच्या आधी उघड्यावर कोनी वापरलेली नको. आपली तं साऱ्या मुलखानं वापरली. आता थे पेटंट आपल्याले बी भेटत नाई."

"म्हंजे हिनं डोक्यावर घेऊन नेलं म्हनून गेलं?"

"हो."

गुणवंतराव उठून उभे राहिले. "वा! घरात लक्ष्मी आली, तं ह्या बाईनं डोक्यावर बसवून बाहेर नेऊन सोडली!"

शकुबाईच्या काळजाला ते लागलं. इतकी वर्षं संसार केला. कधी कोणाचं दाणाभर वाईट केलं नाही, आणि दिराच्या नशिबावर आपणच पाणी ओतलं? नेम पाळला, तो असा अंगाशी आला? ती चुलीपुढे जाऊन बसली. हातात काम नव्हतं, तरी बसली.

सपरीतलं बोलणं मात्र तिला ऐकू येत होतं.

"दोन रस्ते हायेत," नाना सांगत होता. "एक म्हंजे, वस्तू आमची, घरात झाकून ठेवली होती, त्यानं चोरली. दुसरा म्हंजे, वस्तू आधीच साऱ्या लोकाइच्या हातात होती, म्हनून आता कोनाचीच होऊ शकत नाई. दुसऱ्या रस्त्यानं गेलो, तं काकाजीले बनवता येईन, लोकाइले वापरता येईन. आपल्याले पैसा नाई, पर कोनाचा अटकाव बी नाई."

"आपन पह्यल्या रस्त्यानं जाऊ."

"त्याले शपथपत्र लागते, बाबूजी."

"मी घेतो शपथ. रामाजी घेईन. तुही माय घेईन."

"आन मी थे सादर करू? माही सही राह्यते त्याच्यावर."

"तुले शिकवलं कायले मंग?" गुणवंतरावांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तेच जास्त वाईट होतं. "मालगुजारी गेली, मी बोललो नाई. तू चांद्याची चालून आलेली नोकरी सोडून कलकत्त्याले गेला, तवा बी गिळलं. आता एक वस्तू ह्या घराच्या नावानं राह्यली असती. पह्यल्यांदा घराच्या कामी येतो, आन नाई म्हनाले इतक्या दुरून आला?"

नानाने खाली पाहिलं. बापाशी भांडणं त्याला कधीच जमलं नाही. "हो," तो म्हणाला. "माह्या कामात निम्म्या लोकाइले नाईच म्हना लागते. दुसऱ्यानं फसवून हो म्हनल्यापेक्षा घरच्यानं नाई म्हनलेलं बरं."

तेवढ्यात अंगणात हाक आली. "जोहार, बाई! नाना आला म्हनते?"

सोमारीच होती, पानाच्या द्रोणात चारोळी घेऊन आलेली. टोल्यावरची ही गोंड बाई शकुबाईच्याच वयाची. दोघींचं हसणं-खिदळणं पहिल्यापासूनचं. शकुबाई उठायच्या आत गुणवंतरावांनीच तिला सपरीत बोलावलं आणि साखर पेरल्यासारखं विचारलं, "काय सोमारी, हे यंत्र तू काई बाहेर कधी पाह्यलं नाई, नाई का?"

सोमारीला वाटलं, पाटील चेष्टा करताहेत. ती तोंडावर पदर घेऊन खदखदा हसली. "मस्करी करता का, पाटील? टोल्यात सारे पाह्यले. बाईनं आनलं तवा आमी बाया रातभर नाचलो! आमच्यातला जंगू तं म्हने, ह्याच्या आंगात देव हाय." मग कोणीच हसत नाही हे तिच्या ध्यानात आलं. "काऊन? काई झालं का?"

"वापरू नका म्हनतीन आता," रामाजी म्हणाला. "नागपूरवाला."

"मंग आमचं वापस नेसान?"

सोमारीनं सरळच विचारलं होतं. रामाजी यंत्राकडे पाहत राहिला. "दादा," तो थोरल्या भावाला म्हणाला, "तुमच्या शब्दाबाहेर मी गेलो नाई कधी. पर घरात झाकून होतं म्हनाचं, तं आधी टोल्याटोल्यातून वापस आना लागन. थे मले नाई होत जी."

दाराआड बांगड्या वाजल्या. "बाई," कमळा म्हणाली, आणि या वेळी तिचा सूर पार वेगळा होता, "भासऱ्याइले विचारा, गावोगावचे यंत्र काय आमच्या कोठीतून आपल्या पायानं पळून गेले?"

नानाला हसू आवरेना, म्हणून तो बियांच्या टोपलीत तोंड घालून बसला. गुणवंतराव मात्र न जेवता ओट्यावर जाऊन पडले. शकुबाईनं ताट वाढलं, झाकलं, आणि ते तसंच राहिलं. एका पंगतीचं तिचं स्वप्न ताटाखालीच झाकलं गेलं.

सकाळी नानाने कोरा कागद पुढे घेतला. "माय, शपथपत्र तुह्या नावानं पाह्यजे. पह्यल्यांदा तूच नेलं. गडचिरोलीले जाऊन तहसीलदारापुढे शपथ घ्या लागन. पर बाबूजी नाई म्हनत असन, तं मी तुले म्हननार नाई. दुसरा साक्षीदार पाहीन."

शकुबाई रात्रभर याचाच विचार करत पडली होती. नवऱ्याच्या विरुद्ध तोंड उघडायची तिला सवय नव्हती. पण ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "दुसरा कायले? मी नेलं तवा डोक्यावर घेऊन नेलं, पदरात लपवून नाई. आता लपवाले मले येत नाई. लिव."

ओट्यावर गुणवंतराव खोकले.

नाना लिहायला लागला. विचारायची त्याची रीतच निराळी. तिनं सांगितलं की तो उलटा प्रश्न टाकायचा, जसा तोच नागपूरवाल्याचा वकील. कोणाकोणासमोर नेलं? कोणी पाहू नये म्हणून सांगितलं होतं का? झाकून नेलं होतं का? शकुबाईला आधी वाईट वाटलं, पोटचा पोर आपल्याला खोटं पाडतो म्हणून. मग तिच्या ध्यानात आलं की तो तिच्याभोवती कूड घालतो आहे. उद्या परका माणूस जिथून घुसेल, ती फट आजच पाहून ठेवतो आहे. असं काम करतो हा! तिला मनातून भारी अभिमान वाटला.

"आता एकच गोष्ट राह्यली," नाना म्हणाला. "थो म्हनन, बाई, यंत्र चालते का नाई एवढं आजमावाले तुमी टोल्यावर दिलं असन. आजमावनीले कायद्यात माफी हाय. मंग थे उघड वापरलं असं धरत नाई. तिथी आपला सारा खेळ फसते."

"आजमावाले नाई नेलं. घरीच चालवून पाह्यलं होतं रामाजीभाऊनं."

"मंग कायले नेलं?"

"नेम होता म्हनून."

"कोनाचा नेम?"

"मोठीमायचा."

"नाव सांग तिचं."

शकुबाई थबकली. सासूचं नाव घ्यायचं? उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तिनं कमळाकडे पाहिलं. कमळानं नुसती मान हलवली, तिला तर ते ठाऊकच नव्हतं. रामाजी लहान असताना बाप गेला, तेव्हापासून त्यानंही 'माय' सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. नाना लेखणी धरून बसला होता. दुनियेच्या वस्तूंची नावं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या आजीचं नाव माहीत नव्हतं.

"मोठीमाय म्हनून लिव ना," शकुबाई म्हणाली.

"असं चालत नाई, माय."

ओट्यावरची खाट करकरली. गुणवंतराव दारात येऊन उभे राहिले. रात्रभर डोळा लागला नसावा; तोंड ओढलेलं होतं. शकुबाईला वाटलं, आता कागद फाडतात.

"थो नेम लिवला नाई, तं काय होते?" त्यांनी विचारलं.

"तं साक्ष कच्ची राह्यते, बाबूजी."

"आन लिवला तं?"

"मंग कोनी हलवू शकत नाई. आजमावाले नाई दिलं, देऊन टाकाचंच होतं म्हनून दिलं, हे पक्कं होते. त्याचं पेटंट जाते." नानाने लेखणी खाली ठेवली. "आपलं बी."

गुणवंतराव खाली बसले, लेकाच्या शेजारी, एकाच चटईवर.

"रंभा," ते म्हणाले.

कोणाला आधी कळलंच नाही.

"मायचं नाव, रंभा. लिव. बाप मेला त्या साली आमच्या घरी नांगर धराले कोनी नवतं. दुसऱ्याच्या नव्या नांगराचा पह्यला हात आमच्या वावरात लागला, म्हनून आमी जगलो. तवापासून तिनं नेम घातला." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे बी लिव. आन मी सांगितलं असं लिव. मी बी शपथ घेतो."

नानाची लेखणी चालू लागली. रामाजी तोंड फिरवून डोळे पुसत होता. कमळा दारातून आत सरकायची विसरली होती. नानाने सगळं उतरवलं आणि शेवटी बापाला वाचून दाखवायला सुरुवात केली, "मी, शकुबाई, गुणवंतराव यांची पत्नी..."

"थांब," गुणवंतराव म्हणाले. "माही बायको म्हनून मंग लिव. आधी रंभाची सून म्हनून लिव."

नानाने पहिली ओळ खोडली.